रंगाआधी ओल बघा

घर विकायच्या आधी आतून रंग लावून घ्यावा का, असं वर विचारलंय आणि बहुतेकांनी "हो, लगेच" म्हटलंय. माझं मत थोडं वेगळं आहे. आधी ओल कुठून येते ते शोधा. मी नेमकं उलटं केलं होतं. बाथरूमच्या मागच्या भिंतीला पोपडे आले होते, त्यावर पुट्टी आणि दोन हात रंग मारून मोकळा झालो. घर बघायला आलेल्या बाईंनी काही न बोलता तिथेच तळहात टेकवला, मग बोटाने ठोकून पाहिलं. आवाज पोकळ! त्यानंतर प्रत्येक खोलीकडे त्यांनी संशयानेच पाहिलं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? पुढच्या गिऱ्हाइकाला मी पाइप दुरुस्त करून त्याचं बिलच दाखवलं. घासाघीस झाली, पण कुरबूर नाही.

किमतीचं म्हणाल, तर शेजाऱ्याने किती सांगितले याला अर्थ नाही, प्रत्यक्ष सौदा कितीला झाला ते बघा. अवाच्या सव्वा आकडा लावला की घर जाहिरातीत पडून राहतं, आणि मग लोकांना वाटतं, यात काहीतरी खोट असणार.

कर्ज चालू असेल तर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आधीच मागून ठेवा. व्यवहार फिसकटला तर इसाराचं, म्हणजे सौदा पक्का करताना घेतलेल्या आगाऊ रकमेचं काय, तेही लेखी हवं. आणि किल्ल्या पूर्ण पैसे खात्यात आल्यावरच, गिऱ्हाईक कितीही गोड बोलणारं असलं तरी.