प्रोग्रामने प्रोसेसरचा नेमका किती वेळ घेतला, हे कसे मोजावे?

प्रश्न
सीप्झमधील आमच्या कार्यालयात व्यवहारांचा ताळमेळ लावणारा एक पायथन प्रोग्राम लिनक्स सर्व्हरवर चालतो. सुरुवातीची आणि शेवटची टाइम.टाइम() (त्या क्षणाची वेळ देणारे पायथनचे फंक्शन) यांची वजाबाकी केली, की रात्री ९ सेकंद येतात आणि भर दुपारी, तोच डेटा असूनही, ४०. नवा प्रोसेसर घ्यावा का, असे वरिष्ठ विचारत आहेत. खात्रीची पद्धत जाणकारांनी कृपया सांगावी.

प्रतिसाद १
आपण मोजता तो घड्याळी वेळ आहे. विरारहून चर्चगेटला पोहोचायला लागलेल्या वेळात गाडी सिग्नलला थांबलेली मिनिटेही येतात, तसेच हे आहे. कमांडच्या आधी 'टाइम' लिहून प्रोग्राम चालवा. 'रिअल' म्हणजे घड्याळी वेळ, 'यूजर' म्हणजे आपला कोड चालवण्यात आणि 'सिस' म्हणजे आपल्या कामासाठी कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) गेलेला प्रोसेसरचा वेळ. आपल्याला हवी आहे ती शेवटच्या दोघांची बेरीज. कोडच्या आतून मोजायचे असल्यास पायथन ३.३ पासून टाइम.प्रोसेस_टाइम() उपलब्ध आहे. स्लीपमध्ये (प्रोग्राम मुद्दाम थांबवून ठेवण्यात) गेलेला वेळ त्यात धरला जात नाही.

मात्र खरेदीचा निर्णय एवढ्यावर घेऊ नये. ग्नू टाइम (त्याच नावाचा स्वतंत्र प्रोग्राम) '-व्ही' लावून चालवल्यास काँटेक्स्ट स्विचचे, म्हणजे प्रोसेसर एक काम सोडून दुसऱ्याकडे किती वेळा वळला याचे, दोन आकडे मिळतात. प्रोग्राम डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहत स्वतःहून थांबला, तर ऐच्छिक आकडा वाढतो. काम शिल्लक असताना प्रोसेसरची पाळी ठरवणाऱ्या शेड्युलरने त्याला बाजूला सारले, तर अनैच्छिक. प्रोसेसरची ओढाताण या दुसऱ्या आकड्यात दिसते.

प्रतिसाद २
वरील उत्तराला एक पुरवणी. प्रोसेस_टाइम() सर्व थ्रेडचा (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांचा) वेळ एकत्र मोजते, त्यामुळे अनेक कोअरवर हा आकडा घड्याळी वेळेपेक्षा मोठा येऊ शकतो आणि ते चूक नव्हे. याउलट, आपण मल्टिप्रोसेसिंग वापरत असाल, तर चाइल्ड प्रोसेसचा (मूळ प्रोग्रामने, म्हणजे पॅरेंटने, सुरू केलेल्या वेगळ्या प्रोसेसचा) वेळ त्यात मुळीच येत नाही. तो गेटआरयूसेज या वापराचा हिशोब देणाऱ्या फंक्शनमध्ये 'चिल्ड्रन' या पर्यायाने मिळतो, पण चाइल्ड संपून पॅरेंटने 'वेट' केल्यानंतरच (तो संपल्याची नोंद घेतल्यावरच).

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. आमच्याकडे चाइल्ड प्रोसेस नाहीत. आज दुपारी रिअल ४१, यूजर ६.२ आणि सिस १.१ सेकंद आले. रात्रीचे यूजर आणि सिसही जवळपास एवढेच होते. अनैच्छिक स्विच नगण्य आहेत, ऐच्छिक मात्र भरमसाट. दुपारी शाखांचे अहवाल त्याच डेटाबेसवर चालतात, म्हणून प्रोसेसरची मागणी थांबवून आधी तेथील संथ क्वेरींचा (डेटाबेसकडे केलेल्या वेळखाऊ विचारणांचा) लॉग तपासायला घेतला आहे.