मदत हवी आहे: चुलत्यांच्या लिव्हरमध्ये हायडॅटिडची गाठ, सुईने पाणी काढू द्यावं का?

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. आण्णा म्हणजे माझे चुलते, वय ५४, माण तालुक्यात आमची मेंढरं आहेत. वर्षभर उजव्या बरगडीखाली जड वाटतंय म्हणत होते, पित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढले, शेवटी मीच साताऱ्याला नेऊन सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये ९ सेंटीमीटरची पाण्याची गाठ आणि तिच्या आत बारक्या बारक्या पोरगाठी. रिपोर्टात हायडॅटिड सिस्ट, सीई२ (म्हणजे आत पोरगाठी असलेला प्रकार) असं लिहिलंय. रक्ताची टेस्ट मात्र निगेटिव्ह, त्यामुळे आण्णा म्हणतात मला काही झालंच नाही 😄

एक डॉक्टर म्हणतात सुईने पाणी काढू, दुसरे म्हणतात ऑपरेशनच. अल्बेंडाझोल ४०० (जंतावरची गोळी) दिवसातून दोन वेळा चालू केलंय. कँसर तर नाही ना (आजी रोज विचारते)? घरात लहान पोरं आहेत, एकाचं दुसऱ्याला लागतं का?

प्रतिसाद १:
कँसर नाही, माणसाकडून माणसाला लागतही नाही. कुत्र्याच्या आतड्यातल्या जंताच्या अंड्यांमुळे होतं हे. रक्ताची टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, पोरगाठी स्पष्ट दिसत असतील तर सोनोग्राफीवर विश्वास ठेवा. सुईचं म्हणाल तर पेअर नावाची पद्धत आहे खरी, सोनोग्राफीत बघत पाणी ओढायचं, आत कडक मिठाचं पाणी नाहीतर अल्कोहोल सोडून थोडा वेळ ठेवायचं, परत ओढायचं. पण ती सीई१ किंवा सीई३ए अशा एकाच पोकळीच्या गाठीला. पोरगाठी असल्या की एक रिकामी केली तरी बाकीच्या तशाच राहतात आणि गाठ परत भरते. नुसतीच सुई टोचणं तर अजिबात नको, पाणी पोटात सांडलं तर जबर अ‍ॅलर्जी येऊन बीपी कोसळू शकतं, वर नव्या गाठी होतात त्या वेगळ्याच. पित्ताच्या नळीशी गाठीचा जोड आहे का हेही आधी बघून घ्या. लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनलाच दाखवा.

प्रतिसाद २:
आईचं झालंय हे ऑपरेशन. आई अल्बेंडाझोलची गोळी उपाशीपोटी घेत होती, नंतर कळलं की तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतली तरच नीट लागू पडते, तोवर दीड महिना वाया. मध्ये मध्ये लिव्हरचं आणि पांढऱ्या पेशींचं रक्त तपासत राहा. ऑपरेशन झालं म्हणून गोळी लगेच बंद करू नका, आणि सोनोग्राफी पुढची काही वर्षं चालूच.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. एक विचारू का, बकरं कापल्यावर कलेजीत पाण्याचे फुगे निघाले की तेवढा तुकडा कापून वाघ्यापुढे टाकतो आम्ही, आज्यापणज्यापासून असंच चाललंय. ती हीच गाठ का?

प्रतिसाद १:
बहुतेक हीच! ती कुत्र्याच्या पोटात गेली की तिथे जंत, मग विष्ठेतून अंडी, ती हाताला, भाजीला, पाण्याला. मटण खाऊन होत नाही. तुकडा जाळा नाहीतर कुत्रं उकरणार नाही इतका खोल पुरा. वाघ्याला जनावरांच्या डॉक्टरांना विचारून प्राझिक्वांटेल (जंताची गोळी) द्या, एकदाच नाही, ठराविक दिवसांनी परत परत. घरातल्या सगळ्यांची एकदा सोनोग्राफी करून घ्या, पोरांची पण.

धागाकर्ता:
वाघ्याची गोळी आजच आणली, आण्णा म्हणाले माझ्याआधी कुत्र्याचा इलाज झाला 😅 सुईवाल्यांना नाही म्हणून कळवलंय. आता पुण्याला नेणार आहोत. हे ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का, कुणी केलं असेल तर कागदपत्रं काय लागली तेवढं सांगा.