जुनी गिटार, आत्मा आणि अर्थिंग

सहावी तार
काल या धाग्यावर नानांनी लिहिलं, "१९५९ च्या गिब्सन लेस पॉल या इलेक्ट्रिक गिटारीत आत्मा आहे. लाकूड मुरतं, चुंबक मुरतो. आजच्या गिटारी म्हणजे फर्निचर." तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून लांबण लावतो.

नाना, ५९ साली गिब्सनची गिटार काय ऋषींच्या आश्रमात बनत होती? कॅलमाझूच्या कारखान्यातच ना? आणि तेव्हा ती फारशी खपतही नव्हती. १९६० नंतर कंपनीने तो आकारच बंद केला आणि ६१ पासून दोन शिंगांची पातळ गिटार लेस पॉल म्हणून विकायला काढली. पुढे ब्लूजवाल्या जॉन मेयॉलबरोबरच्या १९६६ च्या रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टनने जुनी लेस पॉल मार्शल अ‍ॅम्पला जोडून आवाज चढवला, तेव्हा जगाला साक्षात्कार झाला. मग तो आत्मा गिटारीतला की मार्शलमधला?

शिवाय 'तो' आवाज म्हणजे कुठला? पिकअप म्हणजे तारांचं कंपन टिपणारं चुंबक-वेटोळं; तेव्हाच्या गिब्सनच्या पीएएफ पिकअपवर तार गुंडाळणारी यंत्रं ठरावीक वेढ्यांना आपोआप थांबत नसत. वेढे कमीजास्त, चुंबकही हाताला लागेल तो. एकाच आठवड्यातल्या दोन गिटारी सख्ख्या बहिणी सोडा, चुलतसुद्धा नव्हेत.

न्यूजर्सीकर नाना
वा! माझीच बाजू मांडलीत. एकसारख्या नाहीत म्हणूनच एखादी भन्नाट निघते. फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनची लेस पॉल घ्या. एका पिकअपचा चुंबक उलटा, त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की नाकातून आल्यासारखा पोकळ स्वर. ती पुढे गिटारिस्ट गॅरी मूरने वाजवली, आता मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. तिघंही वेडे?

मी इथे एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या तळघरात १९६३ ची फेंडर स्ट्रॅट गिटार दहा मिनिटं वाजवलीय. अ‍ॅम्पला न जोडता. मानेवरचा रंग अंगठ्यांनी झिजून खालचं लाकूड साबणासारखं गुळगुळीत झालेलं. ई मेजर छेडला तो बरगडीत जाणवला. तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून प्रवचन देताय.

हडपसरी हातोडा
चुंबक उलटा बसला तर आमच्याकडे त्याला फॉल्ट म्हणतात. वॉरंटीत परत करतात.

सहावी तार
बरगडीचं मान्य. पण साठ वर्षांत भिकार गिटारी मोडल्या, अडगळीत गेल्या. जपल्या गेल्या त्या बऱ्या होत्या म्हणून. आजीची तांब्याची भांडी दाखवून 'तेव्हाचं काम बघा' म्हणतात तसं आहे हे. मोडीत गेलेली कोण दाखवतंय?

शिसवाचं खोड
साठच्या दशकाच्या उत्तरार्धात गिटार बनवणारे ब्राझीलचं शिसव सोडून भारतीय शिसव वापरायला लागले, तर म्हणे आवाजातली जादू गेली. आपल्या शिसवाने यांचं काय घोडं मारलंय?

ओहम शांती
आत्म्याचं राहू द्या, सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची गिटार, घरात वाजवून दाखवा. गिरगावात आमच्या चाळीत पंख्याचा रेग्युलेटर दोनवर आणला की माझी टेली (फेंडर टेलिकास्टर) गुरगुरते. तारांवर हात ठेवला की आवाज कमी होतो, कारण आपलं अंग ग्राउंडला जोडलं जातं. पण बोर्डातलं तिसरं, अर्थिंगचं भोक नुसतं शोभेचं असेल तर? गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन वेटोळ्यांचा हमबकर पिकअप काढला तो ही घरघर मारायला, आत्मा भरायला नव्हे.

हडपसरी हातोडा
अर्थिंग नसल्याच्या झिणझिण्या आमच्याकडेही येतात. मी दोन पिनांचा प्लग उलटा करून लावतो. दहा वर्षं झाली, जिवंत आहे.

ओहम शांती
कृपा करून असले सल्ले इथे देऊ नका! १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी स्टेजवर माइकला हात लागून शॉकने गेला. माइकला अर्थिंग नव्हतं. तुमची दहा वर्षं म्हणजे नशीब, पुरावा नव्हे.

हडपसरी हातोडा
ओरडताय कशाला? सोसायटीच्या सेक्रेटरीला चार वर्षं सांगतोय. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकायला फंड नाही, गणपतीच्या लायटिंगला आहे. आणि नाना, आत्मा मी पाहिलाय. मावसभावाने अमेरिकेहून जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आणला, ११७ व्होल्टचा, आणि थेट २३० ला लावला. आत्मा पांढऱ्या धुराच्या रूपाने निघाला.

न्यूजर्सीकर नाना
स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नावाची वस्तू असते हो!

हडपसरी हातोडा
ते त्याला धूर निघाल्यावर कळलं.

शिसवाचं खोड
धागा गिटारीचा होता ना? का वायरमन संघटनेचा?

न्यूजर्सीकर नाना
ठीक, ५९ च्याही काही टुकार असतील, लिहून देतो. झालं समाधान? पण माझ्याकडे एक असती, तर इथे टंकत बसलो नसतो. वाजवत बसलो असतो.

सहावी तार
लाखो डॉलरची गिटार? लॉकरमध्ये ठेवली असतीत आणि वाजवायला कोरियन घेतली असतीत. मात्र त्या ६३ च्या स्ट्रॅटचा फोटो असेल तर टाका. मानेचा.

ओहम शांती
हातोडा, अ‍ॅम्पच्या पत्र्याला टेस्टर लावून बघा. आत्ता.

हडपसरी हातोडा
लावला. पेटला.