पाफोसची 'राजांची थडगी' : आईला घेऊन जमेल का?

पायवाट२२
मंडळी, सप्टेंबरात सायप्रसला जातोय, पाफोसला चार दिवस आहोत. सोबत आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात पण बघायची हौस दांडगी, कार्ल्याच्या पायऱ्या मागच्याच वर्षी चढून आलीय. तिथली समुद्रकाठची खडकात कोरलेली थडगी तिला बघायचीच आहेत. किती वेळ लागतो, उतरायला अवघड आहे का, आणि नेमके कुठले राजे पुरलेत तिथे? नेटवर प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

चिंच_गूळ
राजा एकही नाही हो! थडगी इतकी भव्य आहेत की लोकांनी नाव पाडलं 'राजांची'. खरं तर तिथे बडे अधिकारी आणि पाफोसमधली खानदानी मंडळी पुरलेली होती, इ.स.पू. ४थ्या शतकापासून ते इ.स. ३ऱ्या शतकापर्यंत. सुरुवातीच्या काळात सायप्रसवर इजिप्तच्या टॉलेमी घराण्याची सत्ता होती आणि मेलेल्याचं घर जिवंत माणसाच्या घरासारखं असावं ही तिकडची कल्पना, म्हणून पायऱ्या उतरून खाली गेलात की थेट चौकात येता, अगदी वाड्याचा चौक असतो ना तसा, वर मोकळं आकाश, चारी बाजूंनी डोरिक म्हणजे साध्या ग्रीक घडणीचे खांब, आणि खांबांच्या मागे भिंतीत शव ठेवायचे कोनाडे. हे सगळं वरून खाली खणत नेलंय, आपल्या वेरूळच्या कैलाससारखं. मी त्या चौकात पंधरा मिनिटं नुसती उभी होते, समुद्राचा आवाज खाली अगदी दबका येतो.

दर्यावर्दी_काका
वेळेचं सांगतो, दोन तास धरा. आवार मोठं आहे आणि सावली जवळजवळ नाहीच, सप्टेंबरातही ऊन चांगलंच लागतं, तेव्हा उघडल्या उघडल्या सकाळी जा, टोपी आणि पाणी घ्याच. पायऱ्या झिजलेल्या आहेत, काही ठिकाणी कठडा नाही, आईंना चांगले ग्रिपवाले बूट घाला, चपला नकोत. सगळ्या थडग्यांत उतरायची गरज नाही, ३ आणि ४ नंबरची बघा, खांबांचे चौक तिथे आहेत, बाकीची वरून वाकून बघितली तरी चालतं. बंदरावरून कोरल बेकडे जाणारी ६१५ नंबरची बस गेटाजवळ थांबते, टॅक्सी करू नका. मोझेकवालं (रंगीत दगडांच्या तुकड्यांची चित्रं असलेलं) आर्किऑलॉजिकल पार्क वेगळं आहे, तिकीटही वेगळं, दोन्ही एकाच दिवशी करू नका, आई दमतील.

चिंच_गूळ
अजून एक, मनापासून सांगते. दगड आपल्या बेसॉल्टसारखा टणक नाही, मऊ आहे, खाऱ्या वाऱ्याने भुगा होतो. आम्ही गेलो तेव्हा एक जण फोटोसाठी कोनाड्यात आडवा झोपला होता, मला फार वाईट वाटलं. शतकानुशतकं लूट होऊन आतल्या वस्तू आधीच गेल्यात. जे सापडलं त्यात ऱ्होड्स या ग्रीक बेटावरचे मातीचे कुंभ होते, त्यांच्या कानांवर शिक्के आहेत, आणि त्या शिक्क्यांवरून कुठलं दफन कधीचं ते ठरवता येतं! निदान उरलेल्या भिंतींना तरी हात लावू नका.

पायवाट२२
ताई, काका, खूप आभार! आईला वाचून दाखवलं, वाड्याचा चौक म्हटल्यावर तिचे डोळेच चमकले, तिचं माहेर वाड्यातलं. बुधवारी सकाळची पहिली बस धरतो, ३ आणि ४ नंबर नक्की.