कंडेन्सर बदला, नाहीतर एलसीडी बसवा – हा काय सल्ला झाला?

तपकीरगल्ली

परवा या फोरमवर जत्रावाला यांनी विचारलं होतं. व्हिडिओ गेमच्या मशीनचा आवाज लगेच येतो, स्क्रीन मात्र कधी लागते, कधी नाही. चार-पाच वेळा बंद-चालू केलं की लागते आणि मग दिवसभर चालते. त्यावर पहिलंच उत्तर आलं, "सगळे कंडेन्सर बदला, नाही जमलं तर पिक्चर ट्यूब काढा आणि एलसीडी बसवा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, मशीनने अर्धं उत्तर स्वतःच दिलंय. आवाज येतो म्हणजे गेम बोर्डाचे ५ व्होल्ट ठीक आहेत. एकदा लागली की दिवसभर चालते, म्हणजे ट्यूब किंवा ईएचटीवर (ट्यूबच्या हजारो व्होल्टच्या पुरवठ्यावर) आधी संशय घ्यायचं कारण नाही. अडतंय ते सुरू होताना. मग तपासणीही स्क्रीन काळी असतानाच व्हायला हवी. लोक करतात उलटं. लागेपर्यंत खटके मारत बसतात आणि लागल्यावर मीटर शोधतात.

स्क्रीन काळी असताना मागून ट्यूबच्या गळ्यात डोकवा. हीटर (आतली तापणारी तार) लाल दिसतोय का? नसेल तर मॉनिटरच्या प्लगवर २३० येतात का ते बघा. येत असतील तर मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर ३२० च्या आसपास डीसी मिळायला हवा. तो आहे पण बी प्लस (सप्लायमधून निघून मॉनिटर चालवणारा डीसी) नाही, तर सप्लाय उठत नाही. बी प्लस आहे आणि हीटर थंड, तर हॉरिझॉन्टल ड्राइव्हकडे, म्हणजे किरण आडवा फिरवणाऱ्या भागाकडे जा. दहा मिनिटांचं काम आहे हे.

गेल्या वर्षी माझ्याकडे असाच एक मॉनिटर आला. आधीच्या माणसाने २१ नवे कंडेन्सर टाकलेले, त्यातला एक उलटा. तक्रार जशीच्या तशी. टेबललॅम्प तिरका धरला आणि भिंगातून बघितलं, तर ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती केसाएवढी काळी रिंग. डाग (सोल्डरचा जोड) तडकलेला. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवा डाग दिला, संपलं. जत्रावाल्यांचं मशीन टेम्पोतून फिरतं. तिथे कोरडा डाग नसेल तर मला नवल वाटेल.

एडिसनकर

ते पहिलं उत्तर माझं होतं, त्यामुळे बोलतो. मी न्यू जर्सीत राहतो, बेसमेंटमध्ये तीन कॅबिनेट आहेत, दोनांत वेल्स-गार्डनर के७००० हा मॉनिटर आहे. ८० च्या दशकातला चासी, म्हणजे मॉनिटरचं सर्किट बोर्ड. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर इतकी वर्षं उष्णतेत शिजलेत. आज एक सापडेल, सहा महिन्यांनी दुसरा जाईल. दर वेळी ४५ पौंडांची ट्यूब बाहेर काढायची का? एकदाच सगळे बदला आणि मोकळे व्हा. इकडे कॅप किट (सगळ्या कंडेन्सरचा तयार संच) टाकणं म्हणजे गाडीचं ऑइल बदलण्यासारखं आहे, त्याला कोणी अडाणीपणा म्हणत नाही. तुमच्याकडे एक उलटा बसवलेला मॉनिटर आला म्हणून पद्धतच चूक ठरत नाही.

तपकीरगल्ली

ऑइल बदलून पंक्चर निघत नाही. तुम्ही सांगताय ती देखभाल. जत्रावाल्यांनी बिघाड विचारला होता.

जत्रावाला

नमस्कार. पुसेगावची यात्रा तोंडावर आलीये, मला भांडण नको. माहिती देतो. मशीन प्लायवूडचं, २० इंची ट्यूब, मागे एसएमपीएसवाला (स्विचिंग पॉवर सप्लायचा) चासी. हीटर बघितला, थंड असतो. सकाळी जास्त त्रास देतं. दुपारी ऊन झालं की एकदोनदा खटका मारून लागतं. जनरेटरवर आणि घरच्या लाइटवर सारखंच. पेटीवर थाप मारून फरक पडत नाही.

सरळहिशोब

दादा, यात्रेत पोरं पैसे हातात घेऊन उभी असतात. तेव्हा तुम्ही भिंग घेऊन रिंग शोधणार? माझी चार मशीनं आहेत, चारही एलसीडीवर. गेमचं चित्र एलसीडीला चालेल असं करणारा जीबीएस-८२०० कन्व्हर्टर लावला, जुना मॉनिटर भंगारात. वजन निम्मं, वीज कमी, पेटीत हात घालायची भीती नाही. शेवटचा टीव्ही मेकॅनिक आमच्या गावात दुकान बंद करून मोबाइलचे कव्हर विकायला बसला. सल्ले देणारे पुण्यात आणि अमेरिकेत, दुरुस्त करायला कोण येणार?

पार्लरची_लेक

भंगारात? किती सहज लिहिलंत.

ठाण्यात बाबांचं पार्लर होतं, सहा मशीनं. शाळेतून आले की मी सुट्टे मोजायचे आणि काचा पुसायचे. पुसताना हातावरची लव उभी राहायची, ते अजून आठवतं. गेल्या दिवाळीत त्यांच्यासाठी एक जुनं मशीन विकत घेतलं. आधीच्या मालकाने १६:९ ची एलसीडी बसवायला आतली चौकट करवतीने कापलेली. उभ्या पडद्याचा गेम, मधे बारीक पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळं. बाबांनी जॉयस्टिक धरली, दोन मिनिटं खेळले आणि म्हणाले, "हात मागे पडतोय का गं माझा?" हात नव्हता मागे पडत. कन्व्हर्टरमधून चित्रच उशिरा येत होतं. ७१ वर्षांच्या माणसाला वाटलं, आपण म्हातारे झालो.

सरळहिशोब

तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण त्यावरून मला दोषी ठरवू नका. माझ्या गिऱ्हाइकाला उशीर कळतही नाही. आणि बंदूकवाला गेम एलसीडीवर चालत नाही म्हणून मी ते मशीन विकलं, फसवून चालवलं नाही.

एडिसनकर

बंदुकीचं तर कारणच तांत्रिक आहे. ट्यूबमध्ये किरण ओळीओळीने पडदा रंगवतो. बंदुकीच्या डोळ्याला तो नेमक्या कोणत्या क्षणी दिसला, त्यावरून नेम कुठे होता ते बोर्डाला कळतं. एलसीडीत असा किरणच नाही. बोर्ड १५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार ओळींनी चित्र देतो, तेही या ट्यूबसाठीच. चौकटीला करवत लावणाऱ्यांनी निदान जुनी ट्यूब आणि चासी तरी जपून ठेवावेत. एवढ्यापुरता मी तपकीरगल्लींच्या बाजूला.

सरळहिशोब

जपून ठेवायला माझ्याकडे गोदाम नाही. १० बाय १२ च्या खोलीत चार मशीनं आणि आम्ही पाच माणसं. वारसा सांभाळायचा तर ज्यांच्याकडे बेसमेंट आहे त्यांनी सांभाळावा.

पार्लरची_लेक

खोलीचं मला कळतं, आम्हीही तसेच राहिलो. पण देताना भंगारवाल्याला न देता कुणा दुरुस्तीवाल्याला द्या. या ट्यूब आता कोणी बनवत नाही. आणि भंगारवाला तांब्यासाठी गळा तोडतो, शिसं असलेली काच उघड्यावर फेकतो.

मिरजेचा_मेकॅनिक

एलसीडीचं पुरे करा, समोर यात्रा आहे. ३० वर्षं टीव्ही दुरुस्त केलेत. जत्रावाले, थापेने फरक पडत नाही आणि उन्हाने पडतो, ही मोठी खूण आहे. ड्राय सोल्डर, म्हणजे कोरडा डाग असता तर थापेला बहुतेक वेळा बोलला असता. तुमचा स्टार्टअपचा, म्हणजे सप्लाय उठवणारा कंडेन्सर वाळलाय. सप्लायचा आयसी यूसी३८४२ असेल तर त्याला उठायला १६ व्होल्ट लागतात आणि १० च्या खाली आला की तो झोपतो. मधल्या क्षणी त्याला हा छोटा कंडेन्सर धरून ठेवतो. वाळलेला गरम झाला की थोडा सुधारतो, म्हणून दुपारी लागतं. बायकोचा हेअर ड्रायर घ्या आणि सकाळी मशीन चालू करण्याआधीच, प्लग काढलेला असताना, त्या आयसीच्या शेजारी दोन मिनिटं फिरवा. मग प्लग लावा. पहिल्या खटक्याला लागलं तर तोच.

हात घालण्याआधी मोठा फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरने रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. ट्यूबच्या रबरी टोपीखाली २० हजारांहून जास्त व्होल्ट असतात, तिकडे जाऊच नका. माझा एक शिकाऊ पोरगा दचकून मागे गेला आणि कपाटाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं, सात टाके पडले. शॉक साधाच होता.

तपकीरगल्ली

सिरीज बल्ब (करंट मर्यादेत राहावा म्हणून लाइनमध्ये जोडलेला) लावूनच सुरू करायला सांगा ना.

मिरजेचा_मेकॅनिक

इथे नको. ६० वॅटच्या बल्बवर एसएमपीएस कधीकधी उठतच नाही. आधीच न उठणारा सेट, त्यात बल्ब, मग दोष कुणाचा ते कसं कळणार? आणि डीगॉस कॉइलचा (ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा) प्लग काढला नाही तर बल्ब उगाच भगभगतो, माणूस घाबरतो.

तपकीरगल्ली

मी हजार सेट बल्बवर उठवलेत. नव्या माणसाच्या हाती ३२० व्होल्ट देताना बल्ब नको म्हणणं मला पटत नाही. १०० वॅटचा लावा, डीगॉस काढा.

मिरजेचा_मेकॅनिक

१०० चा असेल तर हरकत नाही. दुरुस्तीनंतर लावा, शोधताना नको. यापुढे मी वाद घालणार नाही.

जत्रावाला

आज सकाळी केलं. ड्रायर अडीच मिनिटं. प्लग लावला, पहिल्याच खटक्याला हीटर लाल झाला आणि स्क्रीन आली. घरात सगळे बघायला आले. चासी काढला, आयसीशेजारी ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्ट होता. वरून अजिबात फुगलेला नव्हता. हीटसिंकला चिकटूनच बसवलाय, पायाशी बोर्ड तपकिरी पडलंय. साताऱ्याहून १०५ डिग्रीवाला आणला, उलटा बसू नये म्हणून पट्टी बघून बसवला, हीटसिंकपासून जरा लांब वाकवला. चार वेळा पूर्ण थंड करून लावलं, चारही वेळा लागलं.

एडिसनकर

म्हणजे कंडेन्सरच होता, हे नोंदवून ठेवतो. मी सगळे बदलायला सांगत होतो आणि एकात काम झालं, हेही मान्य. पण बाकीचेही त्याच वयाचे आहेत. यात्रा झाली की बदला.

तपकीरगल्ली

मी कोरड्या डागावर पैज लावून बसलो होतो. तो अंदाज चुकला. थापेची चाचणी मीच आधी विचारायला हवी होती. शोधून एकच बदलला गेला यावर मात्र मी ठाम आहे. जत्रावाले, मशीन टेम्पोत चढवताना चासीखाली रबराचे तुकडे द्या आणि ड्राइव्ह ट्रान्सफॉर्मरचे चार पाय एकदा भिंगातून बघाच.

जत्रावाला

बघितले. एका पायाला बारीक रिंग दिसतीये. अजून तुटली नाही. उद्या डाग देतो, परवा निघायचंय.