मुलाखतीतला अनपेक्षित प्रश्न : ‘ठाण्यात सलून किती असतील?’

कळव्याची प्रवासी

नमस्कार. महापे येथील एका गोदामात मी साडेतीन वर्षे माल नियोजनाचे काम करते आहे; कोणत्या मालाचा किती साठा ठेवायचा, तो कधी मागवायचा आणि गाडी केव्हा लावायची, हे ठरवणे हे माझे काम. गेल्या आठवड्यात ऐरोलीतील एका कंपनीत याच प्रकारच्या, पण वरच्या पदासाठी माझी मुलाखत झाली. स्वतःची ओळख, आधीचे काम, एक्सेल, नोटीस पिरियड या सगळ्याची तयारी केली होती आणि तो भाग सुरळीत पार पडला. त्यानंतर पॅनेलमधील एका गृहस्थांनी शांतपणे विचारले, “ठाण्यात केस कापण्याची सलून किती असतील?” ते गंमत करत आहेत असे समजून मी हसले. ते हसले नाहीत. मी “माहीत नाही, सर” म्हणाले आणि त्यानंतर काही क्षण त्या खोलीत फक्त एसीचा आवाज येत होता.

मग “तुम्ही भाजी असतात तर कोणती असतात?” हा प्रश्न आला. घाईत मी “बटाटा” म्हणाले. का, ते मात्र सांगता आले नाही. शेवटी एचआरच्या मॅडमनी विचारले, की लग्नानंतर घोडबंदर रोडला किंवा आणखी लांब राहायला गेलात, तर रोज ऐरोलीला येणे जमेल का? त्यावर “अजून काही ठरलेले नाही” एवढेच बोलता आले. परतीच्या लोकलमध्ये दिघा गाव येण्याआधीच तिन्ही प्रश्नांची बरी उत्तरे सुचली होती.

अशा वेळी “माहीत नाही” असे प्रामाणिकपणे सांगणे चुकीचे आहे का? आणि ज्याची तयारीच करता येत नाही, त्याची तयारी करायची तरी कशी? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तुर्भे नाका

मी स्वतः गेली काही वर्षे मुलाखती घेतो आणि सलूनसारखे प्रश्न विचारतोही, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगतो. तो आकडा विचारणाऱ्यालाही माहीत नसतो. “माहीत नाही” हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे, कारण तुमच्या कामात रोज हेच घडणार आहे : पुढच्या महिन्यात किती माल खपेल हे कोणालाच माहीत नसते आणि तरीही मागणी नोंदवावीच लागते. तेव्हा “नेमका आकडा मला माहीत नाही, पण अंदाज बांधता येईल, एक मिनिट आणि कागद मिळेल का?” एवढे म्हटले असते, तरी अर्धे काम झाले असते.

या प्रकाराचे मूळ भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्याशी जोडले जाते. शिकागो शहरात पियानो सुरात लावणारे कारागीर किती असतील, हा त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला प्रश्न. १९४५ च्या जुलै महिन्यात पहिल्या अणुचाचणीच्या वेळी याच फर्मींनी हवेत कागदाचे कपटे सोडले आणि धक्क्याने ते किती दूर जाऊन पडले यावरून स्फोटाची ताकद साधारण १० किलोटन असावी असे सांगितले. पुढे मोजमापातून ती २० किलोटनांच्या आसपास निघाली. म्हणजे अंदाज निम्म्याने चुकला होता, पण १ किंवा १००० असा भरकटला नव्हता, आणि हातात फक्त कागदाचे कपटे असताना तेवढे पुरेसे होते.

आता सलूनकडे वळू. आधी आपण उलट विचारावे : “ठाणे म्हणजे महापालिकेची हद्द की पूर्ण जिल्हा? महिलांची पार्लर धरायची का?” या दोन प्रश्नांनीच समोरच्याला कळते की तुम्ही मोजायला बसण्याआधी काय मोजायचे ते ठरवता. समजा, फक्त शहर आणि फक्त पुरुषांची सलून. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४० हजार होती. त्यानंतर घोडबंदरच्या बाजूला केवढी वस्ती वाढली ते आपण पाहतोच, म्हणून आज २४ लाख धरू. त्यांतले निम्मे, म्हणजे १२ लाख, पुरुष आणि मुलगे. प्रत्येक जण महिन्यातून एकदा केस कापतो असे मानले, तर महिन्याला १२ लाख कटिंग. तीन खुर्च्यांच्या दुकानात दिवसाला २० आणि महिन्याचे २५ दिवस, असे ५०० कटिंग होतात. १२ लाखांना ५०० ने भागले की उत्तर येते २४००.

बहुतेक उमेदवार इथे थांबतात. मला खरा रस यापुढच्या पायरीत असतो : तोच आकडा दुसऱ्या टोकाने तपासून पाहणे. २४ लाख लोकांमागे २४०० दुकाने, म्हणजे हजार माणसांमागे एक. आता आपल्या घराभोवतीचा परिसर डोळ्यांसमोर आणा, तिथली वस्ती आणि तिथली सलून मोजा. हिशेब जुळत नसेल, तर आपले कोणते गृहीतक कच्चे होते ते स्वतःहून बोलून दाखवा. ज्याला आपलाच आकडा खोडता येतो, त्याच्या हाती गोदाम द्यायला मला भीती वाटत नाही.

भाजीच्या प्रश्नाविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे नाही. बटाटा उत्तम होता. सगळ्या भाज्यांत मिसळतो, टिकतो आणि बाजारात कधी मिळाला नाही असे होत नाही. साठा सांभाळणाऱ्या माणसाने याहून वेगळे काय सांगावे? फक्त ‘कारण’ हा शब्द उच्चारून वाक्य पुढे न्यायला हवे होते.

निवृत्त कार्मिक अधिकारी, ठाणे पूर्व

तुर्भे नाका यांनी गणित सुरेख मांडले आहे. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे, आणि प्रश्नकर्त्या ताईंनी सगळा दोष स्वतःकडे घेऊ नये म्हणून ते लिहितो. वागळे इस्टेटमधील कारखान्यांत मी अनेक वर्षे भरतीचे काम केले. चमत्कारिक प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्या उत्तराचे पुढे काय करायचे हे ठाऊक नसते, हे मी जवळून पाहिले आहे. आमच्या पॅनेलमधील एक साहेब प्रत्येकाला गटाराचे झाकण गोल का असते, हे विचारत. गोल झाकण कसेही फिरवले तरी भोकातून आत पडत नाही, चौकोनी झाकण कर्णाच्या दिशेने पडू शकते, हे उत्तर हळूहळू सगळ्यांना पाठ झाले. तरीही साहेब पाच वर्षे तेच विचारत राहिले, आणि ज्याने ते कुठेतरी वाचले होते, तो हुशार ठरत राहिला.

अशा कोड्यांसाठी एकेकाळी गूगल कंपनीची ख्याती होती. तिथले तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सशी बोलताना स्पष्ट सांगितले, की ही कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय आहे, त्यांवरून पुढच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही आणि विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असे वाटणे एवढाच त्यांचा मुख्य उपयोग असतो. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारले आणि उत्तरांना ठरलेल्या निकषांवर गुण दिले, तर निवड अधिक भरवशाची होते, हे श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन दाखवले होते.

यातून उमेदवाराने घ्यायचे ते एवढेच, की प्रश्न कामाशी जोडलेला आहे की केवळ हौसेचा, हे ओळखावे. सलूनचा प्रश्न तुमच्या पदासाठी योग्य होता, हे मी मान्य करतो. भाजीचा प्रश्न हौसेचा होता. अशा प्रश्नाला दोन वाक्यांत हसतमुखाने उत्तर द्यावे आणि मोकळे व्हावे. तयारीचे म्हणाल, तर उत्तरे पाठ करण्यापेक्षा आपल्याच कामातले पाच-सहा प्रसंग नीट आठवून ठेवावेत : गाडी आली नाही तो दिवस, साठा चुकला तो महिना, वरिष्ठांशी मतभेद झाला ती वेळ. काय अडले, तुम्ही काय केले आणि शेवटी काय झाले, हे त्या क्रमाने सांगता आले की निम्म्याहून अधिक अनपेक्षित प्रश्न याच प्रसंगांपाशी येऊन थांबतात.

सानपाडा पूल

वरच्या दोघांनीही तिसऱ्या प्रश्नाला हात लावलेला नाही, आणि मला तर तोच सर्वांत गंभीर वाटतो. घोडबंदरच्या वाहतुकीची काळजी हे निमित्त होते. विचारायचे होते ते लग्न आणि मूल. त्यामागचे कारण पैशाचे असते. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि राज्य कामगार विमा योजना (ईएसआय) लागू नसेल तिथे तो पगार मालकालाच द्यावा लागतो. त्यामुळे काही ठिकाणी मुलाखतीतच चाचपणी सुरू होते. वास्तविक, भरती करताना स्त्री म्हणून भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती आणि नव्या वेतन संहितेतही ती मनाई कायम आहे.

मात्र मुलाखतीच्या खुर्चीवर बसून कलमे ऐकवणे प्रत्येकीला परवडत नाही. अशा वेळी प्रश्नाच्या वरवरच्या भागाला नेमके उत्तर द्यावे आणि आतला भाग तसाच सोडून द्यावा. “साडेतीन वर्षे कळव्याहून ठाण्याला गाडी बदलून महाप्याला वेळेवर पोहोचते आहे, कामाच्या वेळा पाळणे ही माझी जबाबदारी आहे आणि ती मी पाळेन.” एवढे बोलून थांबावे. पुन्हा विचारले, तर “याचा या पदाच्या कामाशी कसा संबंध आहे, ते सांगाल का?” असे सौम्यपणे विचारावे. माझ्या बाबतीत तिसऱ्यांदाही तेच विचारले गेले, तेव्हा मी ती नोकरी घेतली नाही. घरी हप्ता चालू असेल तर असा निर्णय घेणे सोपे नसते, याची मला जाणीव आहे.

कळव्याची प्रवासी

सर्वांचे आभार. सानपाडा पूल, तुमचे ते वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. दरम्यान, त्याच कंपनीकडून दुसऱ्या फेरीसाठी ईमेल आला आहे, म्हणजे बटाट्याने फार नुकसान केलेले दिसत नाही.

काल संध्याकाळी स्टेशनवरून चालत येताना मी खरोखरच सलून मोजली. आमच्या आणि शेजारच्या इमारती मिळून अंदाजे ४०० घरे, म्हणजे साधारण दीड हजार माणसे. तुर्भे नाका सरांच्या हिशेबाने तिथे एक किंवा दोन दुकाने हवीत. प्रत्यक्षात चार आहेत. त्यांतली दोन एकाच खुर्चीची आहेत. मग माझी लोकसंख्या चुकली की तुमच्या खुर्च्या?

तुर्भे नाका

बहुधा माझ्या खुर्च्या. सरासरी दोन खुर्च्या धरा, दिवसाला १४ कटिंग, महिन्याला ३५०. म्हणजे शहरात सुमारे ३४०० दुकाने आणि सातशे माणसांमागे एक. तरीही तुमच्याकडे दोनच यायला हवीत. उरलेली दोन स्टेशनच्या रस्त्यावर असतील, तर त्यांचे गिऱ्हाईक तुमच्या ४०० घरांबाहेरचे असणार. दुसऱ्या फेरीत तेच गृहस्थ समोर असतील, तर ही दुरुस्ती त्यांना सांगा.

कळव्याची प्रवासी

दोन्ही स्टेशनच्याच रस्त्यावर आहेत. मुलाखत मंगळवारी आहे.