सोयाबीन-हरभरा दोन्ही द्विदल, तरी जमिनीचा कस का उतरतोय?

काळं_रान_लातूर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडं वर्षानुवर्षे खरीपात सोयाबीन अन् रब्बीला हरभरा. सगळे म्हणतात कडधान्यानं जमीन सुधारते, पण यंदा माती परीक्षण केलं तर सेंद्रिय कर्ब 0.4 टक्के आणि नत्र पण कमी. मग मुळावरच्या गाठी करतात तरी काय? सोयाबीनची गुळी (मळणीनंतर उरलेला भुसा) एक जण विकत घेऊन जातो, हरभरा उपटून काढतो.

शिवारकट्टा:
भाऊ, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र धरतात ते पिकासाठी, आणि पीक ते दाण्यात भरतं. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, म्हणजे 10 क्विंटल सोयाबीनबरोबर साधारण 60 किलो नत्र बाजारात जातं, जवळपास तीन गोण्या युरियाइतकं, आणि त्यातलं निम्मंच हवेतून आलेलं असतं बाकीचं तुमच्या मातीतलं. वरून गुळी पण बाहेर, मग रानात उरलं काय? पालापाचोळा आणि मुळं जे देतील तेवढंच. गुळी विकू नका, रानात पसरा नाहीतर कंपोस्ट करा. आणि हरभरा उपटू नका हो, विळ्यानं कापा, गाठीसकट मुळं रानातच राहू द्या.

ताई_बांधावरची:
गाठी चालू आहेत का तेही बघा. पीक फुलावर येताना झाड ओढून काढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्यानं मातीसकट उचला, पाण्यात हलकं धुवा आणि गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी-लाल असली तर काम चालू, पांढरी किंवा हिरवट असली तर नाही. युरिया जास्त पडला की झाड आयतं नत्र घेतं आणि गाठी कमी धरतात. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी आणि बी सावलीत सुकवायचं. सोयाबीनचं संवर्धकाचं पाकीट वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

काळं_रान_लातूर:
हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून गाडू का?

शिवारकट्टा:
गाडा की, फुलोऱ्यात 45-50 दिवसांनी, त्याच्याइतकं पटकन काही नाही.

कोरडवाहू_गडी:
दादा, ताग चांगलाच, पण कोरडवाहूवाल्याला पैशाचं पीक सोडून ताग परवडत नाही हे पण खरं आहे. मी तर म्हणतो सोयाबीनमध्ये तूर घ्या, चारास दोन, म्हणजे सोयाबीनच्या चार ओळींमागं तुरीच्या दोन. तुरीची पानं गळून खाली नुसता सडा पडतो, तो आयता रानात राहतो, आणि मुळं खोल जातात त्यामुळं खालचा कडक थर पण फुटतो. तूर काढल्यावर पऱ्हाटीसारखं धसकटं पेटवू मात्र नका. आणि जिथं नुसतं सोयाबीन आहे तिथं एखादं वर्ष हरभऱ्याच्या जागी रब्बी ज्वारी घ्या, सोयाबीननं जे थोडंफार नत्र मागं ठेवलंय ते ज्वारीच्या कामी येतं आणि कडबा पण होतो. जनावरं असतील तर त्यांचं शेण उकिरड्यावर नीट कुजवून त्याच रानात टाका.

काळं_रान_लातूर:
दोन म्हशी आहेत. यंदा गुळी विकत नाही, आणि अर्ध्या रानात चारास दोन तूर धरतो.